"पाम बीचला उभे आहेत, आतून या"

शनिवारी रात्री साडेअकराच्या आसपास आमच्या एका ग्रुपवर हमखास मेसेज येतो, "पाम बीचला उभे आहेत, आतून या." म्हणजे नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर पोलीस दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांना पकडायला नाकाबंदी लावून उभे आहेत, आणि आतून म्हणजे सानपाडा, जुईनगर, नेरूळच्या सेक्टरांमधल्या रस्त्यांनी. टाकणाऱ्याला वाटतं आपण मित्रांना मदत केली. पण झालं काय, की प्यायलेला ड्रायव्हर मोठ्या रस्त्यावरून उचलून आपण अशा गल्लीत सोडला जिथे लोकं जेवण झाल्यावर पोरांना घेऊन आइस्क्रीम खायला चालत निघालेली असतात. मला त्या मेसेजचा मनापासून राग येतो.

आणि हा नुसता माझा राग नाहीये, यावर चक्क प्रयोग झालाय. राजस्थान सरकारच्या पोलिसांनी अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो (दोघांनाही पुढे २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं) आणि त्यांच्या सहकाऱ्यांना बरोबर घेऊन हा प्रयोग केला. काही पोलीस स्टेशनांच्या हद्दीत नाकाबंदी दर वेळी एकाच जागी, काहींमध्ये तीन जागांवर फिरती, आणि काही ठिकाणी नेहमीचं जसं चालतं तसं, आणि कुणाच्या वाट्याला काय हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलेलं, म्हणजे कुणाच्या सोयीने नाही. फिरत्या नाक्यांच्या हद्दीत रात्रीचे अपघात १७ टक्क्यांनी कमी झाले, रात्रीचे मृत्यू २५ टक्क्यांनी. एकाच जागच्या नाक्याने मात्र दखल घ्यावी असा काहीच फरक पडला नाही! पोलीस तेच, श्वासातली दारू मोजणारं मशीन तेच, दंड तोच, पण लोकं शिकतात की नाका कुठे असतो आणि वाट वाकडी करतात. नाका हलता असला की ती "आतून"वाली वाटच उरत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याने १७ डिसेंबर १९८२ पासून संशय असो-नसो कुणालाही थांबवून फुंकायला लावायला सुरुवात केली, आणि पहिल्या वर्षातच साधारण दर तीन लायसन्सवाल्यांमागे एक टेस्ट एवढ्या टेस्ट केल्या. मृत्यू तिथेही कमी झाले. दंड किती मोठा यापेक्षा आपण सापडूच ही खात्री किती, यावर माणूस ठरवतो की किल्ली खिशात ठेवायची का बाहेर काढायची.

आता ते मशीन. बरेच जण समजतात की ते वास घेतं, म्हणून वेलची चघळतात, कांदा खातात. मशीनला वासाशी काही देणंघेणं नाही. रक्तातली दारू फुप्फुसात हवेला भेटते आणि ठरलेल्या प्रमाणात श्वासात उतरते, साधारण २१०० मिलिलिटर श्वासात जेवढी तेवढीच १ मिलिलिटर रक्तात असं धरतात, म्हणून तर पोलीस "अजून, अजून, जोरात" म्हणत लांब फुंक मारायला लावतात, फुप्फुसाच्या तळाची हवा यायला हवी ना. आत फ्युएल सेल असतो, त्यात प्लॅटिनमवर दारूचं ॲसेटिक ॲसिड होतं, म्हणजे व्हिनेगरमधलं ॲसिड, आणि त्यातून जो बारीकसा करंट निघतो तो मोजला जातो. माउथवॉशने आकडा वर जाऊ शकतो हे खरं, पण तोंडातलं ते १५ मिनिटांत उडून जातं, म्हणून तेवढं थांबून परत टेस्ट घेतली की प्रश्न मिटतो.

आपल्याकडे मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. साठ मिलीचा एक पेग म्हणजे साधारण २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, ७० किलोच्या माणसाने तो उपाशीपोटी घेतला तर हिशोबाने आकडा ४५ च्या आसपास जातो. एकच पेग! बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं म्हणून तिचा आकडा त्याहून वर. एवढ्यावर माणूस झोकांड्या खात नाही, बोलणंही नीट असतं, पण एकाच वेळी आरसा, सिग्नल आणि मधेच घुसलेला बाइकवाला हे तिन्ही सांभाळायची ताकद तोवर कमी झालेली असते. आणि त्याला स्वतःला ते जाणवत नाही, सगळ्यात वाईट हेच.

उतरायचा हिशोब तर कुणी करतच नाही. लिव्हर रक्तातला हा आकडा तासाला साधारण १५ ने खाली आणतं, कमी-जास्त होतं पण फार नाही. लिंबूपाणी, ब्लॅक कॉफी, गार पाण्याची आंघोळ, कशानेही लिव्हर घाई करत नाही. रात्री बाराला अख्खी क्वार्टर (१८० मिली) पोटात गेली तर आकडा १३० च्या घरात, सकाळी सहाला अजून ४० च्या आसपास. म्हणजे झोप काढून, दात घासून फर्स्ट शिफ्टला ठाणे-बेलापूर रोडवर बाइक काढणारा माणूस कायद्याने अजून प्यायलेलाच आहे, आणि सकाळी सहाला कोण नाका लावतं?

हाच १५ चा आकडा सरकारी कामातही आडवा येतो. अपघात झाला, जखमीला हॉस्पिटलात नेलं, पंचनामा, फोनाफोनी, यात रक्त घ्यायला दोन तास गेले की ३० मिलिग्रॅम पुरावा लिव्हरने खाल्लेला असतो. म्हणून पोलीस आणि सरकारी दवाखाना यांची गाठ आधीच बांधलेली हवी. रक्त घेतलं की बाटलीत सोडियम फ्लोराइड लागतं, नाहीतर नमुना आंबून आकडा बदलू शकतो, मग सील, मग फॉरेन्सिक लॅब. २०२४ च्या पुण्याच्या कल्याणीनगरमधल्या पोर्शे कार अपघाताच्या प्रकरणात तर रक्ताचे नमुनेच बदलल्याचा आरोप झाला, तेव्हा कळलं की साखळीतली एक कडी निसटली की पुढचं सगळं कसं लटकतं.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्यांदा १० हजार दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, दुसऱ्यांदा १५ हजार किंवा २ वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पण "दुसऱ्यांदा" हे कळणार कसं? केस ठाण्याला, लायसन्स वाशीच्या आरटीओचं, आधीची केस पनवेलची. ट्रॅफिक, कोर्ट, आरटीओ यांना एकमेकांचं दिसलं तरच तो दुसऱ्यांदा, नाहीतर प्रत्येक नाक्यावर तो पहिलटकरच. आणि कलम १८८ मध्ये साथ देणाऱ्यालाही तीच शिक्षा आहे हे किती जणांना माहीत असेल?

सगळी खाती एकत्र काम करूच शकत नाहीत असं मात्र नाही, ३१ डिसेंबरला आपण दर वर्षी बघतो. परमिट रूमला पहाटे पाचपर्यंत परवानगी, म्हणून घोडबंदरपासून येऊरच्या पायथ्यापर्यंत बंदोबस्त, आणि सेंट्रल रेल्वेच्या रात्री दीडच्या स्पेशल लोकल, एक कल्याणला, एक पनवेलला. एका रात्रीसाठी एक्साइज, पोलीस आणि रेल्वे यांची घड्याळं जुळवली जातात. मग साध्या शनिवारी बघा. बार दीडला बंद होतो, ठाण्याहून वाशी-पनवेलकडे जाणारी ट्रान्सहार्बरची शेवटची लोकल त्याच्या बरीच आधी गेलेली, रिक्षावाला ऐरोलीला यायला तयार नाही, आणि त्या माणसाच्या खिशात बाइकची किल्ली आहे.