महिला टेनिसपटूची व्यावसायिक कारकीर्द

स्पर्धांतील बक्षिसाची रक्कम आणि जागतिक क्रमवारीतील गुण यांवर उभा असलेला पेशा. यात संघ नसतो, पगारही नसतो. कोल्हापूर हे पैलवानांचे आणि पेठापेठांतल्या तालीम संघांच्या फुटबॉलचे शहर. तिथे हा पेशा समजून घ्यायचा तर कुस्तीपासून सुरुवात केलेली बरी. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात मल्लांच्या खुराकाला राजाश्रय होता, आणि जत्राजत्रांतल्या फडांत इनामाच्या कुस्त्या आजही लागतात. टेनिसपटूही अशीच फडामागून फड गाठत फिरते. फक्त तिचे फड बहुधा परदेशात असतात आणि प्रवासखर्च घरचा. शिवाय तोलून मापून जोड लावणारे कोणी नसते. चिठ्ठी वाईट निघाली तर पहिल्याच फेरीत अव्वल मानांकित खेळाडू समोर उभी राहते.

सुरुवात होते आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या डब्ल्यू १५, डब्ल्यू ३५ अशा स्पर्धांपासून. हा आकडा हजार डॉलरांतला, पण एकट्या विजेतीचा नव्हे: १५,००० डॉलर एकेरी-दुहेरीच्या सगळ्या खेळाडूंत वाटले जातात. लवकर हरणारीच्या हाती जे पडते त्यात आठवड्याचा मुक्कामही भागत नाही. पुणे, सोलापूर येथे अशा स्पर्धा होतात तेव्हा इकडच्या मुलींना निदान विमानाचे तिकीट काढावे लागत नाही. वरच्या पायरीवर डब्ल्यूटीए या महिला टेनिस संघटनेच्या स्पर्धा आणि ग्रँड स्लॅम म्हणवल्या जाणाऱ्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धा. ग्रँड स्लॅमच्या १२८ जणींच्या मुख्य फेरीत १०४ जागा क्रमवारीनुसार भरतात. ‘पहिल्या शंभरात’ येण्याची सगळी धडपड यासाठी असते. मिळवलेले गुण ५२ आठवड्यांनी गळतात, त्यामुळे गेल्या वर्षीची विजेती या वर्षी लवकर हरली की क्रमवारीत खाली येते.

बक्षिसांत पुरुषांना झुकते माप मिळते म्हणून १९७० मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला नऊ महिला खेळाडूंनी नाममात्र एकेका डॉलरचे करार करून वेगळी वाट धरली. १९७३ मध्ये त्यांच्यापैकीच बिली जीन किंगच्या पुढाकाराने डब्ल्यूटीए स्थापन झाली आणि त्याच वर्षी अमेरिकन ओपनने स्त्री-पुरुषांना समान बक्षीस दिले. विम्बल्डनला त्यासाठी २००७ उजाडावे लागले.

विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी पहिली भारतीय महिला लीला राव (१९३४). त्यांच्या आई, संस्कृत कवयित्री पंडिता क्षमा राव, स्वतः टेनिस खेळत. ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीत एकेरीचा सामना जिंकायला व्यावसायिक युगातल्या भारतीय महिला खेळाडूला १९९८ पर्यंत थांबावे लागले. तो मान निरुपमा वैद्यनाथनचा. सानिया मिर्झा २००७ मध्ये एकेरीत २७ व्या स्थानी पोहोचली, पण अव्वल क्रमांक तिला २०१५ मध्ये दुहेरीने दिला. श्रीरामपूरच्या ऋतुजा भोसलेचे हांगझो आशियाई स्पर्धेतील सुवर्णही (२०२३) रोहन बोपण्णासोबत मिश्र दुहेरीतलेच. दुहेरीला दुय्यम मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

कोल्हापूरची ऐश्वर्या जाधव मेरी वेदर मैदानावरच्या कोर्टवर घडली आणि २०२२ मध्ये विम्बल्डनने प्रथमच भरवलेल्या १४ वर्षांखालील स्पर्धेत खेळली. त्या वयाच्या मुलींना व्यावसायिक स्पर्धा खेळायला नियमानेच मनाई आहे. चौदावे वर्ष पूर्ण झाल्यावरही अठराव्यापर्यंत वर्षाकाठच्या स्पर्धांची संख्या बांधून दिलेली असते. तेराव्या वर्षी व्यावसायिक झालेल्या अमेरिकेच्या जेनिफर कॅप्रियातीची कोवळ्या वयात झालेली परवड पाहिल्यावर, १९९५ पासून हे बंधन आले.