खुलासा: 'आर्म कसाही बसवा, अलाइनमेंटमध्ये जुळतं'

मुंबईतल्या गॅरेजांत हे वर्षानुवर्षं ऐकू येतं: सस्पेन्शनचा ॲडजस्टेबल आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा, लांबी बदलता येणारा दांडा) अंदाजाने लावा, बाकीचं अलाइनमेंटवाला, म्हणजे चाकांचे कोन जुळवणारा, बघेल. हे चूक आहे. मशीन फक्त कोन मोजतं, आर्मची लांबी हातानेच बदलावी लागते. अंदाजाने बसवलेली गाडी अलाइनमेंटला पोचेपर्यंतच टायर घासते.

जुना आर्म काढला की नवा शेजारी ठेवा. बोल्टच्या दोन्ही भोकांचं मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजा आणि नवा तेवढाच करा, अगदी मिलिमीटरपर्यंत. खात्रीसाठी दोन्ही आर्म एकावर एक धरा: दोन्ही टोकांच्या भोकांतून बोल्ट आरपार जायला हवेत, एकीकडे जरी अडखळला तरी लांबी चुकली. टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारं टोक) बदलताना काढतानाचे फेरे मोजून ठेवा, नवा तेवढ्याच फेऱ्यांनी चढवा.

सगळ्यात जास्त नुकसान बुशचं, म्हणजे आर्मच्या टोकातल्या रबरी नळीचं, होतं. चाक हवेत लोंबकळत असताना रबरी बुशचा बोल्ट पूर्ण आवळला, तर गाडी खाली उतरताच रबर पिळलं जातं आणि लवकर फाटतं. चाकांवर गाडीचा भार आल्यावरच तो बोल्ट शेवटचा आवळा, तोही टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणारा पाना).

आता अलाइनमेंटचा क्रम: टायरमधल्या हवेचा दाब, गाडीची उंची, कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल), कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल), शेवटी टो (चाकांची तोंडं आत की बाहेर वळलेली). कॅम्बर हलवला की टोही हलतो, म्हणून आधी टो लावणं वाया जातं.

आणि इथल्या खाऱ्या, दमट हवेत आर्मची लांबी बदलणारे आटे गंजतात. बसवतानाच त्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं वंगण) लावा, नाहीतर पावसाळ्यानंतर लांबी पक्की करणारा लॉकनट हलणार नाही.