तीन तासांचा पेपर चार तासांत

"आमच्या मुलीलाही एक तास जास्त द्या, मग बघा तिचे मार्क!" वडोदऱ्यात दहावीच्या पालकसभेत डिस्लेक्सियाचा, म्हणजे हुशार मुलालाही वाचणं जड जाण्याचा, विषय निघाला की कोणीतरी हे म्हणणारच. आक्षेप मुळीच मूर्खपणाचा नाही. सीबीएसई डिस्लेक्सिया असलेल्या विद्यार्थ्याला तासाला २० मिनिटं वाढवून देते, म्हणजे तीन तासांच्या पेपरला पुरी ६० मिनिटं. मुलगा तर चारचौघांसारखा दिसतो, बोलायला तरतरीत, क्रिकेटचे आकडे तोंडपाठ. मग त्याच्यावर ही मेहेरनजर कशाला?

संशोधकांनी हा प्रश्न परीक्षेतच उतरवून पाहिला आहे. डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता असलेल्या आणि नसलेल्या, अशा दोन्ही प्रकारच्या मुलांना एकच पेपर आधी ठरल्या वेळेत आणि मग वाढीव वेळेत द्यायचा. अशा अनेक अभ्यासांतून साधारण असं दिसतं की वेळ वाढवला की बहुतेकांचे गुण थोडेफार वाढतात, पण अध्ययन अक्षमता असलेल्यांचे जास्त वाढतात. पेपर जितका घाईचा, तितका इतरांनाही फायदा. तेव्हा त्या पालकांची तक्रार रास्त असलीच, तर ती पेपर काढणाऱ्यांकडे जायला हवी, शेजारच्या बाकावरच्या मुलाकडे नाही.

डिस्लेक्सियात अडतं कुठे? अक्षरं उलटी दिसतात ही लोकप्रिय समजूत आहे, पण अडचण बहुतेक वेळा डोळ्यांत नसते. शब्दातले ध्वनी सुटे करून अक्षरांशी जोडण्याचं काम मेंदूला जड जातं. 'कमळ'मधला 'क' काढला तर काय उरतं? बहुतेक पाच-सहा वर्षांची मुलं हसत 'मळ' म्हणतात, डिस्लेक्सिया असलेलं मूल बरंच मोठं होईपर्यंत इथे थबकतं. माणूस बोलतो आहे लाखभर वर्षं तरी, वाचतो आहे जेमतेम पाच हजार. वाचण्यासाठी मेंदूत वेगळा भाग जन्मतः तयार नसतो. भाषेचे आणि दृष्टीचे भाग शिकण्यातून एकमेकांशी जुळवावे लागतात, आणि या मुलांमध्ये डाव्या बाजूची ही जुळणी कच्ची राहते. अनेक घरांत ती वारशानेही येते. बुद्धीशी याचा संबंध नाही.

१८९६ साली इंग्लंडमधल्या प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरांनी अशा एका १४ वर्षांच्या मुलाची हकिगत छापली. गणितात तो चांगला होता, पण साधे शब्द वाचता येत नव्हते. सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असं त्याच्या मास्तरांचं मत होतं. हा शोध तेव्हाच लागावा यात नवल नाही. प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं आणि एरवी सुतारकाम किंवा शेती करून सुखाने जगली असती अशी मुलंही पुस्तकासमोर येऊन बसली. सयाजीराव महाराजांनी सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग अमरेलीत सुरू केला तो १८९३ साली, आणि १९०६ मध्ये तो सगळ्या बडोदा संस्थानाला लागू झाला. त्या वर्गांतही अशी मुलं असणारच. त्यांना 'ढ' म्हटलं गेलं असेल, दुसरं काय.

आजच्या वडोदऱ्यातल्या मराठी मुलाचं गणित आणखी अवघड आहे. घरी मराठी, शाळेत गुजराती किंवा इंग्रजी, शिवाय हिंदी. म्हणजे तीन लिप्या. गुजरातीला शिरोरेषा नाही. बरीच अक्षरं देवनागरीसारखी, पण क, ख, ज वेगळे. त्यामुळे मूल वाचताना अडखळलं की शाळा म्हणते, "घरी मराठी बोलता ना, म्हणून गोंधळतो." आईवडिलांनाही ते पटतं आणि दोन-तीन वर्षं अशीच निघून जातात. वास्तविक फरक ओळखता येतो. नुसती भाषा नवी असेल तर मूल सरावाने इतरांना गाठतं. डिस्लेक्सिया असेल तर घरच्या मराठीतही ध्वनी सुटे करणं जमत नाही आणि अडखळणं प्रत्येक लिपीत दिसतं. म्हणून चाचणी मुलाला नीट येणाऱ्या भाषेत व्हायला हवी, आणि तसा आग्रह आईवडिलांनी धरायला हवा.

लिपीप्रमाणे त्रासाचं रूप मात्र बदलतं. २००१ साली इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी वाचकांच्या मेंदूंची तुलना झाली. डिस्लेक्सिया असलेले इटालियन वाचक बाकीच्या दोघांपेक्षा अचूक वाचत होते, कारण त्यांची लिपी उच्चाराला धरून चालते. मेंदूतल्या डाव्या बाजूची कमी हालचाल मात्र तिघांत सारखीच. देवनागरी आणि गुजरातीही बऱ्याच अंशी उच्चाराला धरून चालतात. अशा लिप्यांत मोठं झालेलं मूल बऱ्यापैकी बरोबर वाचतं, पण सावकाश. चुका कमी, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. आणि घड्याळ लावलेल्या परीक्षेत नेमका हाच सावकाशपणा नडतो. शाब्दिक उदाहरणाच्या शेवटच्या ओळीपर्यंत पोचेतो पहिल्या ओळीतली त्रिज्या डोक्यातून गेलेली असते. भूमिती येत असूनही गुण जातात.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. वाढीव वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांची तरतूद त्याच कायद्यात आहे. तरी कागदावरचं केंद्रावर पोचेलच असं नाही. 'नीट' ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा देणाऱ्या, लिहिण्याची अक्षमता असलेल्या एका विद्यार्थिनीला हक्काचा तासभर मिळाला नाही, तिची उत्तरपत्रिका काढून घेतली गेली, आणि प्रकरण २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलं.

माझ्या मते लेखनिकाचा आपल्याकडे जरा अति बोलबाला आहे. ज्याची अडचण वाचण्यात आहे, त्याला प्रश्न मोठ्याने वाचून दाखवणारा माणूस जास्त उपयोगी. शिवाय तोंडी उत्तर सांगून लिहून घेणं हे वेगळंच कसब आहे: परिच्छेद मनात रचायचा, समोरच्याच्या लिहिण्याचा वेग पाहून थांबायचं, शुद्धलेखन सांगायचं. हा सराव नसेल तर मिळालेला तास गोंधळातच जातो. आठवी-नववीच्या घटक चाचण्यांपासून शाळेने तो करून घ्यावा.

अध्ययन अक्षमतेच्या सर्टिफिकेटचंही तसंच, तयारी आधीपासून हवी. २०१८ च्या केंद्रीय सूचनांनुसार ते आठव्या वर्षानंतर मिळतं आणि १४ व्या वर्षी पुन्हा तपासणी करावी लागते. २०२४ मध्ये त्या सूचना सुधारल्या गेल्या, तेव्हा चालू नियम सरकारी दवाखान्यात विचारून घ्यावा. १४ वं वर्ष म्हणजे साधारण नववी. तिसरीत काढलेला कागद तेव्हा कपाटातून काढून बघावा. दहावीचं हॉल तिकीट हातात आल्यावर धावाधाव करून उपयोग नसतो.