एकांड्या शिलेदाराची फौज

वाराणसीतल्या एका मुसलमान कारागिराकडे नॉर्वेहून बिल्ल्याची ऑर्डर आली होती. नक्षी विचित्र होती, कवटी आणि तिच्यात खुपसलेली तलवार. कारागिरानं नमुना बनवून पाठवून दिला. ऑर्डर देणाऱ्याच्या डोक्यात युरोपातून मुसलमानांना हुसकावण्याचं 'धर्मयुद्ध' चाललं होतं, हे त्याला कळायचं काही कारण नव्हतं. ते जगाला २२ जुलै २०११ रोजी कळलं. त्या दिवशी त्या माणसानं ओस्लोच्या सरकारी इमारतींपुढे खतापासून बनवलेला बॉम्ब उडवून ८ जणांना मारलं. मग पोलिसाचा गणवेश घालून तो उतोया बेटावर गेला आणि मजूर पक्षाच्या युवक शिबिरातल्या ६९ जणांचा जीव त्यानं घेतला.

त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. का, ते पुढे येईलच.

एकट्यानं हल्ला करणाऱ्या अशा माणसाला इंग्रजी वर्तमानपत्रं 'लोन वुल्फ', म्हणजे एकटा लांडगा, म्हणतात. आपल्याकडे 'एकांडा शिलेदार' म्हणायची पद्धत आहे, आणि हा शब्द त्या लांडग्यापेक्षा जास्त खरं बोलतो. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं घेऊन येणारा स्वार. घोडा त्याचा, पण लढाई दुसऱ्या कुणाची तरी. नॉर्वेच्या मारेकऱ्यानं हल्ल्याआधी ईमेलनं पाठवलेल्या सुमारे दीड हजार पानांतला बराच मजकूर इतरांच्या लेखनातून उचललेला होता. बॉम्ब त्यानं एकट्यानं बनवला, विचार मात्र उसना होता.

पुढे त्याच्याकडूनही उसनवारी सुरू झाली. १५ मार्च २०१९ रोजी न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत ५१ जणांना मारणाऱ्यानं आपल्या जाहीरनाम्यात नॉर्वेच्या त्या माणसाला प्रेरणास्थान म्हटलं होतं. हा हल्ला त्यानं फेसबुकवर थेट दाखवला, आणि पहिल्या २४ तासांत फेसबुकला त्या चित्रफितीच्या १५ लाख प्रती काढाव्या लागल्या. पाचच महिन्यांनी, १० ऑगस्टला, वर्तुळ पूर्ण झालं. ओस्लोजवळच्या बेरुममध्ये २१ वर्षांचा एक तरुण बंदुका घेऊन मशिदीवर चालून गेला. ख्राइस्टचर्चच्या एका मशिदीचं नाव अल-नूर, बेरुमच्या मशिदीचंही अल-नूर. दुसऱ्या दिवशी बकरी ईद होती. नमाज उरकून लोक घरी गेले होते, आत तिघेच होते. काचेचं दार गोळ्यांनी फोडून तो आत शिरला, आणि पाकिस्तानी हवाई दलातून निवृत्त झालेल्या ६५ वर्षांच्या गृहस्थांनी त्याला जमिनीवर लोळवलं. मशिदीत कुणी दगावलं नाही. पण निघण्यापूर्वी त्यानं घरी आपल्या सावत्र बहिणीचा जीव घेतला होता. ती १७ वर्षांची होती आणि चीनमधून दत्तक आलेली होती.

संशोधक याला 'स्क्रिप्ट' म्हणतात. आधी जाहीरनामा, मग थेट प्रक्षेपण, मग मृतांची मोजदाद, असा साचा तयार झाला आहे. इंटरनेटच्या काही कोपऱ्यांत मारेकऱ्यांना 'संत' म्हणतात आणि त्यांचे 'स्कोअर' लावतात. या बाजारात नाव हेच चलन आहे. म्हणूनच न्यूझीलंडच्या तेव्हाच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी मारेकऱ्याचं नाव कधीच उच्चारणार नाही असं संसदेत सांगितलं होतं.

जुन्या धाटणीच्या संघटनाही आहेतच. १९९७ मध्ये स्वीडनमध्ये सुरू झालेली नॉर्डिक रेझिस्टन्स मूव्हमेंट ही नव-नाझी संघटना शेजारच्या देशांत पसरली. फिनलंडच्या सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये तिच्यावरच्या बंदीवर शिक्कामोर्तब केलं. २०१६-१७ च्या हिवाळ्यात गोथेनबर्गमध्ये झालेल्या बॉम्बहल्ल्यांत दोषी ठरलेल्यांपैकी दोघांनी आधी रशियात, सेंट पीटर्सबर्गला, निमलष्करी प्रशिक्षण घेतलं होतं. म्हणजे माणसंही सीमा ओलांडतात. पण त्यांना व्हिसा लागतो, साच्याला लागत नाही.

धोका मोजायचा कसा, हा खरा अवघड प्रश्न. ओस्लो विद्यापीठातलं सी-रेक्स हे संशोधन केंद्र पश्चिम युरोपातल्या उजव्या अतिरेकी हिंसेची १९९० पासूनची नोंद ठेवतं. त्या नोंदींत जीवघेणे हल्ले नव्वदच्या दशकापेक्षा नंतर कमी दिसतात. मग निश्चिंत व्हावं का? इथे सरासरी दगा देते. माणसांच्या उंचीची सरासरी काढता येते, कारण दहा फुटी माणूस कधी भेटत नाही. दहशतवादात तो भेटतो. अ‍ॅरन क्लॉसेट या अमेरिकी संशोधकानं जगभरातल्या हल्ल्यांच्या आकड्यांवरून दाखवलं की त्यांची तीव्रता 'पॉवर लॉ'नुसार चालते. बहुसंख्य हल्ले लहान असतात, पण प्रचंड हल्ला उंचीसारख्या गोष्टींच्या घंटाकृती आलेखाच्या हिशेबात जितका अशक्य वाटतो तितका तो नसतो. वर्षानुवर्षं काही घडत नाही आणि एका दुपारी ७७ माणसं जातात.

अशा गटांतून माणसांना बाहेर काढायचा रस्ताही याच देशांत आधी आखला गेला. नॉर्वेत १९९७ ला आणि स्वीडनमध्ये १९९८ ला 'एक्झिट' नावाचे कार्यक्रम सुरू झाले. नॉर्वेचे संशोधक तोरे ब्यर्गो यांचा अनुभव मजेशीर आहे. गट सोडणारे सगळेच काही विचार पटेनासे झाले म्हणून सोडत नाहीत. अनेक जण दमतात, आपल्याच लोकांच्या कुरघोड्यांना विटतात, कुणाला संसार थाटायचा असतो. विचार बदलतात ते बहुधा नंतर.

आता मात्र अडचण वयाची आहे. बाल्टिक भागात उगवलेल्या फॉयरक्रीग डिव्हिजन या ऑनलाइन नव-नाझी गटाचा 'कमांडर' २०२० मध्ये एस्टोनियाच्या सुरक्षा यंत्रणेला सापडला. तो देशोदेशीच्या तरुणांना भरती करत होता. त्याच्यावर खटला भरता आला नाही, कारण तिथे १४ वर्षांखालच्या मुलावर तो भरता येत नाही. कमांडर १३ वर्षांचा होता.