किनाऱ्यावरून शिडाची नाव पाण्यात लोटताना : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या बेलापूरच्या कार्यशाळेतून ऑप्टिमिस्ट किंवा लेझर जातीची छोटी शिडाची नाव भाड्याने नेणाऱ्या ग्राहकांसाठी हे पत्रक आहे. वाशी-ऐरोलीच्या खाडीकाठी वाळूऐवजी चिखल असल्यामुळे, शिवाय खाडीचा मोठा भाग फ्लेमिंगो अभयारण्यात येत असल्यामुळे, बहुतेक ग्राहक नाव उरणच्या पिरवाडीला किंवा मांडवा, किहीम, नागाव या बाजूला नेतात. तेथे घोटाळा होतो तो बहुधा पहिल्या गुडघाभर-कंबरभर पाण्यात, म्हणून हे पत्रक तेवढ्याच पट्ट्यापुरते लिहिले आहे.

निघण्यापूर्वी भरतीची वेळ पाहावी. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ अंदाजाने कळते, हा कोळीवाड्यांतला हिशेब आजही उपयोगी आहे. पंचमीला भरती पावणेचारच्या सुमारास आणि ओहोटी त्यानंतर सुमारे सहा तासांनी. उधाणाच्या दिवशी पाण्याच्या पातळीत चार मीटरहून अधिक फरक पडतो, आणि अलिबागला लोक ओहोटीत कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जातात हे लक्षात घेतले, तर सपाट पुळणीवर पाणी किती मागे हटते याची कल्पना येईल. लेझरचा नुसता सांगाडा ५९ किलोंचा असतो आणि तो ओल्या वाळूतून ओढत नेणे दोघांनाही जड जाते. भरतीच्या दोन तास आधी निघून भरतीनंतर दोन तासांच्या आत परतावे, हे आम्हांला सर्वांत सोयीचे वाटते.

वाऱ्याबाबत अधिक सावध राहावे. समुद्राकडे तोंड करून उभे राहिल्यावर वारा पाठीला लागत असेल, तर तो जमिनीवरून समुद्राकडे जाणारा वारा आहे. हिवाळ्यात सकाळी बहुधा असाच वारा असतो. काठाजवळचे पाणी तेव्हा तळ्यासारखे शांत दिसते, पण पुढे गेल्यावर लाटा वाढत जातात, आणि परतताना वाऱ्याविरुद्ध नागमोडी वळणे घेत यावे लागते. नवख्यांनी अशा वेळी नाव पाण्यात घालू नये. दुपारी समुद्रावरून वारा सुरू होईपर्यंत थांबावे. हा वारा बहुतेक वेळा वायव्येकडून येतो. आपले किनारे पश्चिमेला तोंड करून असल्यामुळे तो उजव्या बाजूने घेतला तर नाव जवळजवळ सरळ समुद्रात शिरते; डावीकडून घेतल्यास ती किनाऱ्यालगत घसटत राहते आणि लाटा तिला आडव्या बसतात.

लाइफ जॅकेट वाळूवरच घालावे व नावेचे बूच घट्ट बसवल्याची खात्री करावी. नाळ, म्हणजे नावेचे पुढचे टोक, वाऱ्याकडे ठेवून शीड चढवावे आणि त्याची दोरी पूर्ण सैल सोडावी, म्हणजे शीड नुसते फडफडत राहील. नाव तरंगू लागली की एकाने नाळ धरावी आणि दुसऱ्याने ट्रॉली भरतीच्या रेषेच्या वर नेऊन ठेवावी. नाव आणि किनारा यांच्यामध्ये कोणीही, कधीही उभे राहू नये. लाट नाव उचलून किनाऱ्याकडे फेकते, आणि नावेत शंभर लिटर पाणी शिरले असेल तर तिचे वजन शंभर किलोंनी वाढलेले असते. ती हाताने थोपवता येत नाही.

मोठ्या लाटांची रांग ओसरल्यावर निघावे. कंबरभर पाण्यात मधली फळी अर्धी खाली घालावी, नाहीतर नाव बाजूला सरकते. सुकाणूचे पातेही अर्धेच सोडावे. चढताक्षणी दोरी ओढून आधी वेग घ्यावा आणि मगच नाळ वारा येतो त्या दिशेकडे अधिक वळवावी. लाटांपलीकडे गेल्यावर फळी व पाते पूर्ण खाली घ्यावे.

परतताना फळी वेळीच वर घ्यावी. लेझरचे शीड डोलकाठीवर बाहीसारखे चढवलेले असल्यामुळे पाण्यात उतरवता येत नाही. म्हणून कंबरभर पाण्यात नाळ वाऱ्याकडे वळवून समुद्राच्या बाजूने खाली उतरावे.

नाव उलटल्यास ती सोडून पोहत निघू नये. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आहे; फोन जलरोधक पिशवीत, अंगावर बांधलेला असावा. जून ते सप्टेंबर या काळात आम्ही नावा भाड्याने देत नाही, आणि त्याबाबत आग्रह करू नये ही विनंती. नाव परत देण्यापूर्वी बूच काढून पाणी निथळू द्यावे आणि ट्रॉलीची चाके गोड्या पाण्याने धुवावीत.