जुनं रेल्वे पोस्टर की त्याची नवी छपाई?

आल्प्सची शिखरं, रिव्हिएराचा निळाशार समुद्रकिनारा, खाली ठसठशीत अक्षरं. रोजे ब्रोदेर्स यांनी १९२०-३०च्या दशकांत पीएलएम या फ्रेंच रेल्वेसाठी केलेली पोस्टरं आज दोन रूपांत विकली जातात: एक तेव्हा स्टेशनावर डकवायला छापलेलं, दुसरं त्याचा फोटो काढून अलीकडे छापलेलं. लांबून दोन्ही सारखीच. किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

चित्र बघत बसू नका, भिंग घेऊन आकाशाचा कोपरा बघा. जुनी छपाई शिळाप्रेसची. प्रत्येक रंगाला वेगळा दगड नाहीतर जस्ताचा पत्रा, आणि हवी ती छटा शाईतच कालवलेली. म्हणून भिंगाखालीही निळं ते निळंच राहतं. रंग फिका होत जातो तिथे खडू घासल्यासारखे वेडेवाकडे कण दिसतात. नवी छपाई ऑफसेटची. तिच्यात निळी, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चारच शाया. त्यांचे बारीक ठिपके शिस्तीत, फुलाच्या पाकळ्यांसारखे बसलेले असतात. घरात राजा रविवर्म्यांच्या छापखान्यातली जुनी लक्ष्मी असेल तर आधी तिच्यावर भिंग धरा. तीही शिळाप्रेसचीच, नजर तयार होईल.

पण ठिपके दिसले की नक्कल, असा सरसकट निकाल देऊ नका. १९५०नंतरची कितीतरी अस्सल पोस्टरंही ऑफसेटवरच निघाली. इथे कंपनीचं नाव कामाला येतं. ब्रिटनची जुनी एलएनईआर रेल्वे १९२३ ते १९४७ एवढीच होती, त्यामुळे तिचं नाव आणि चौरंगी ठिपके एकाच कागदावर दिसले तर शंका घ्यायचीच. आपल्याकडची जीआयपी ५ नोव्हेंबर १९५१ला मध्य रेल्वेत गेली. ‘१९३०चं’ म्हणून दाखवलेल्या पोस्टरवर मध्य रेल्वे लिहिलेलं असेल तर बोलणंच खुंटलं.

आकारही मोजा. ब्रिटिश रेल्वेची पोस्टरं बहुधा २५ × ४० इंच किंवा ५० × ४० इंच. ए-थ्री आकाराचं ‘ओरिजिनल’ म्हणजे उघड थाप. मागे कापड चिकटवलेलं दिसलं तर मात्र बिचकू नका. जुना पातळ कागद टिकावा म्हणून तसं करतात.

भिंतीवर लावायला नवी छपाई काही वाईट नाही, मला तर काचेमागे तीच बरी वाटते. ऑनलाइन अस्सल म्हणून घेत असाल तर विक्रेत्याकडून आकाशाचा आणि मुद्रकाचं नाव असलेल्या खालच्या कडेचा जवळून काढलेला फोटो मागवा. पुन्हा अख्ख्या फ्रेमचाच फोटो आला तर व्यवहार सोडून द्या.