गार परात, ऊबदार पाट

डिसेंबरातल्या सकाळी एक तळहात लाकडी पाटावर आणि दुसरा शेजारच्या स्टीलच्या परातीवर टेकवला, तर परातीवरचा हात आपोआप मागे येतो. "स्टील थंडी धरून ठेवते", असे त्याचे स्पष्टीकरण घरोघरी दिले जाते. प्रत्यक्षात रात्रभर एकाच खोलीत पडून राहिलेल्या पाटाचे आणि परातीचे तापमान सारखेच असते. पडताळा घ्यायचा असेल, तर टेकवून मोजणारा तापमापी घ्यावा. दुरून रोखायची 'बंदूक' चकचकीत धातूसमोर फसते, कारण परातीवरून परावर्तित झालेले आपल्याच अंगाचे अवरक्त किरणही तिच्यात शिरतात.

गफलत मुळात शब्दांची आहे. तापमान म्हणजे पदार्थातील कणांची सरासरी धडपड किती जोरकस आहे याचे माप, तर उष्णता म्हणजे तापमानातील फरकामुळे एका वस्तूकडून दुसरीकडे जाणारी ऊर्जा. स्कॉटलंडमध्ये जोसेफ ब्लॅक यांनी 1760 च्या सुमारास या दोहोंत स्पष्ट फरक केला. आपण मात्र अजूनही "आज फार उष्णता आहे" असेच म्हणतो.

त्वचेला परातीचे तापमान कळतच नाही. तिला कळते ते स्वतःचे तापमान, आणि ते किती वेगाने घसरते आहे हे. दोन वस्तू टेकताच त्यांच्या सीमेवर एक मधले तापमान तयार होते. ते कोणाच्या बाजूला झुकेल, हे प्रत्येक पदार्थाची उष्णतावाहकता, घनता आणि विशिष्ट उष्मा (एक किलो पदार्थ एका अंशाने तापवायला लागणारी उष्णता) यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळावर ठरते. या संख्येला सोयीसाठी 'स्पर्शांक' म्हणू. प्रमाण एककांत तो त्वचेसाठी साधारण 1100, लाकडासाठी 400 आणि स्टेनलेस स्टीलसाठी 8000 धरता येतो. खोली 15 अंश सेल्सिअस आणि तळहात 33 अंशांवर असेल, तर प्रत्येक तापमानाला त्याच्या स्पर्शांकाचे वजन देऊन सरासरी काढावी: लाकडाशी सीमेचे तापमान येते सुमारे 28 अंश, स्टीलशी जेमतेम 17. लाकडाचा पृष्ठभाग हाताच्या ऊबेने चटकन तापतो आणि तिथेच थांबतो. स्टील मात्र मिळालेली ऊर्जा आत पसरवत राहते. गंमत म्हणजे तांब्याची वाहकता स्टेनलेस स्टीलच्या पंचवीसएक पट असूनही हे गणित तांब्यासाठी साडेपंधरा अंशांच्या आसपासच येते, कारण 15 च्या खाली उतरायला जागाच नाही.

हेच गणित उलट्या दिशेनेही चालते. गोव्यातील शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत धोंड, म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त, निखाऱ्यांवरून चालतात. निखारा लालबुंद असला, तरी कोळसा हलका, सच्छिद्र आणि उष्णतेचा मंदवाहक असतो. त्यावर राखेचा थर, आणि पाऊल टेकते ते क्षणभर. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्तेही निखाऱ्यांवरून चालून दाखवतात. त्यांची श्रद्धा निराळी, पाय तसेच. तितक्याच तापलेल्या लोखंडी पत्र्यावरून मात्र कोणीच चालत नाही, आणि निखाऱ्यांवरही रेंगाळणारा भाजतोच.

संशय उरला असेल, तर फ्रीजमधले बर्फाचे दोन सारखे खडे काढून एक पाटावर आणि दुसरा परातीत ठेवावा. जिला आपण 'जास्त गार' म्हणत होतो, त्या परातीतला खडा आधी विरघळतो.